बडोद्यात प्रतिपालक कुटुंब व्हायचे असेल तर: एका दांपत्याच्या प्रश्नांना उत्तर

बडोद्याच्या मांजलपूर भागातील एका मराठी दांपत्याने सविस्तर पत्र लिहून काही प्रश्न विचारले आहेत. पती ५३ वर्षांचे आहेत, पत्नी ४९ वर्षांच्या. एकुलती मुलगी नोकरीनिमित्त पुण्यात असते आणि घरात पतीच्या वृद्ध आई आहेत. दत्तक घेण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते असे ऐकल्यामुळे त्यांना फॉस्टर केअरचा, म्हणजे प्रतिपालकत्वाचा, मार्ग सुचला. मूल लहान मिळेल का, पुढे ते आपल्या नावावर होईल का, मुलाचे आईवडील परत आले तर काय, सरकार किती पैसे देते, सासूबाईंची समजूत कशी घालावी आणि मुलीचा विरोध असेल तर काय करावे, असे त्यांचे प्रश्न आहेत. मी समाजकार्याचे शिक्षण बडोद्याच्या विद्यापीठात घेतले, याच जिल्ह्यात मुलांच्या संस्थांमध्ये नोकरी केली आणि एक कार्यकाळ बाल कल्याण समितीची, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत आदेश देणाऱ्या जिल्हा पातळीवरील समितीची, सदस्य होते. त्या आधारावर हे उत्तर लिहीत आहे. प्रश्नांचा क्रम मात्र मी बदलणार आहे, कारण तुम्ही तिसऱ्या क्रमांकावर विचारलेला प्रश्न माझ्या मते पहिला आहे.

आईवडील परत आले तर काय, हा तो प्रश्न. ते परत यावेत, यासाठीच ही व्यवस्था आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार बाल कल्याण समिती काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला त्याच्या जन्मदात्या किंवा दत्तक आईवडिलांखेरीज दुसऱ्या योग्य कुटुंबात थोड्या किंवा दीर्घ काळासाठी ठेवू शकते. त्या काळात मुलाचे शिक्षण, आरोग्य आणि आहार यांची जबाबदारी प्रतिपालक कुटुंबावर असते, परंतु मूल कायद्याने त्या कुटुंबाचे होत नाही. त्याचे आडनाव तेच राहते, त्याचे आईवडील तेच राहतात आणि त्यांना ठरावीक काळाने मुलाला भेटण्याची मुभा त्याच कलमात दिलेली आहे. भेट मुलाच्या हिताची नाही असे समितीला वाटले तरच ती थांबवता येते. आई क्षयरोगाच्या उपचारांतून बरी होते, वडील तुरुंगातून सुटतात, हरवलेला मामा सापडतो, आणि चौकशी होऊन मूल त्यांच्याकडे जाते. तुमच्या घरातील खोली रिकामी होते. ही शक्यता मनाच्या कोपऱ्यात ढकलून जे अर्ज करतात, त्यांच्याकडून नकळत मुलाच्या आईविरुद्ध एक दावा उभा राहू लागतो, आणि तो मुलाला फार लवकर कळतो.

बडोद्यात दत्तकाचा विषय निघाला की सयाजीराव महाराजांचे उदाहरण हमखास येते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या गोपाळरावाला महाराणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये दत्तक घेतले, त्या वेळी तो १२ वर्षांचा होता. नाव बदलले, कूळ बदलले, राज्य मिळाले. उदाहरण मोठे आहे, पण ते दत्तकाचे आहे. प्रतिपालकत्वात यांपैकी काहीही बदलत नाही, आणि बदलू पाहणे हाच त्यातील सर्वांत सामान्य दोष आहे. मुलाला नवे ‘चांगले’ नाव ठेवणे, शाळेत आपले आडनाव सांगणे, ‘आता आम्हीच तुझे आईबाबा’ असे पहिल्याच आठवड्यात म्हणणे, या गोष्टी प्रेमापोटी होतात. तरीही त्या करू नयेत. काका-काकू, मावशी, आजी ही संबोधने आपल्या भाषेत पुरेशी जवळची आहेत; मूल पुढे आपणहून आई म्हणू लागले तर त्याला अडवू नये, पण तशी मागणी घरातून होऊ नये.

आता दत्तकाचा पर्याय बाजूला का ठेवू नये, तेही सांगते. दत्तक विनियम, २०२२ नुसार जोडप्याच्या वयांची बेरीज मोजली जाते: २ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती जास्तीत जास्त ८५, २ ते ४ साठी ९०, ४ ते ८ साठी १०० आणि ८ वर्षांवरील मुलासाठी ११० असावी लागते. तुमची बेरीज १०२ होते, म्हणजे तान्हे मूल दत्तक मिळण्याचा प्रश्न उरलेला नाही, परंतु ८ वर्षांवरील मूल तुम्ही रीतसर दत्तक घेऊ शकता, आणि मोठ्या मुलांसाठी पुढे येणारी जोडपी कमी असल्याने तेथील प्रतीक्षा तान्ह्या बाळासाठीच्या प्रतीक्षेसारखी नसते. तुम्हाला कायमचे अपत्य हवे असेल तर केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, संकेतस्थळावर नोंदणी करावी, प्रतिपालकत्व ही दत्तकाची मागची दारवाट नाही. कलम ४४ मध्येच स्पष्ट म्हटले आहे की, समितीने दत्तकयोग्य मानलेले मूल दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देता येणार नाही. याच कारणाने तुमच्या ‘लहान मूल मिळेल का’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा नाही असे आहे. सहा वर्षांखालील अनाथ, टाकून दिलेल्या किंवा आईवडिलांनी समितीच्या स्वाधीन केलेल्या मुलांसाठी दत्तक हाच पहिला मार्ग धरला जातो, आणि केंद्र सरकारच्या २०२४ च्या नमुना मार्गदर्शक तत्त्वांत प्रतिपालकत्वाचा मुख्य रोख सहा वर्षांवरील मुलांकडे आहे: संस्थेत राहणारी, दीर्घकाळ कोणी भेटायला न आलेली, ज्यांचे पालक सांभाळण्यास अयोग्य ठरले आहेत, ज्यांना वय किंवा विशेष गरजा यांमुळे दत्तक कुटुंब मिळालेले नाही अशी ही मुले असतात. दोन वर्षे मूल तुमच्याकडे राहिले आणि दरम्यान ते कायद्याने दत्तकासाठी मुक्त ठरले, तर त्याच कुटुंबाला दत्तकाचा अर्ज करता येतो. पूर्वी ही मुदत पाच वर्षे होती. ही तरतूद चांगली आहे, पण तिच्यावर नजर ठेवून सुरुवात करू नये, कारण ज्या मुलाची आई जिवंत आहे आणि त्याला सोडून देण्यास तयार नाही, ते मूल दोन काय, दहा वर्षांनीही बहुधा मुक्त ठरणार नाही.

एक इशारा येथेच देणे आवश्यक आहे. एखाद्या प्रसूतिगृहातील ओळखीतून, नातेवाइकाच्या नातेवाइकाकडून किंवा एखाद्या ‘आश्रमा’तून परस्पर मूल घरी आणणे, मग त्याला कोणी फॉस्टर म्हणो की सांभाळ, हा याच कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. कलम ८० प्रमाणे विहित पद्धत डावलून अनाथ, टाकलेले किंवा स्वाधीन केलेले मूल दत्तकासाठी देणे-घेणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि पैशांचा व्यवहार झाला तर कलम ८१ लागू होऊन शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. स्टॅम्प पेपरवर केलेल्या कराराला येथे काही अर्थ नाही.

पात्रतेबद्दल थोडक्यात सांगते. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षे स्थिर असावा आणि वयांची बेरीज किमान ७० असावी. वरची मर्यादा मुलाच्या वयोगटाप्रमाणे ठरते, आणि १०२ या बेरजेला ६ ते १२ आणि १२ ते १८ हे दोन्ही वयोगट खुले आहेत. २०२४ पासून अविवाहित, विधवा-विधुर, घटस्फोटित किंवा कायदेशीर विभक्त व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकतात. एकट्या पुरुषाकडे मात्र फक्त मुलगाच ठेवला जातो. राज्ये हा नमुना स्वीकारताना तपशील बदलू शकतात, त्यामुळे अर्जाच्या दिवशी लागू असलेली अट जिल्हा बाल संरक्षण कक्षातूनच, म्हणजे हे काम पाहणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयातूनच, विचारून घ्यावी. अर्जासोबत दोघांची ओळखपत्रे, उत्पन्नाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि तुम्हाला चांगले ओळखणाऱ्या व्यक्तींचे संदर्भ लागतात, शिवाय पोलिसांकडून पडताळणी होते. घर स्वतःचेच असावे लागत नाही आणि श्रीमंती तर अजिबातच लागत नाही.

खरे वजन असते ते गृह अध्ययनाला. कक्षातील सामाजिक कार्यकर्ता किंवा संरक्षण अधिकारी घरी येतो, तेव्हा बहुतेक कुटुंबे पडदे धुऊन, चिवडा-लाडू मांडून, ‘आमच्याकडे कशाची कमतरता नाही’ हे दाखवण्याच्या तयारीत असतात. आम्ही वेगळेच पाहत असतो. घरात भांडण झाल्यावर काय होते, दोघांपैकी कोणाला आधी राग येतो, तुमच्या मुलीने दहावीत कमी गुण आणले तेव्हा घरात काय घडले, घरातील प्रत्येक माणसाला ही कल्पना मान्य आहे की एकाच्या हट्टामुळे बाकीचे गप्प आहेत, हे प्रश्न महत्त्वाचे असतात. मूल गमावलेल्या किंवा अलीकडेच मोठे दुःख झालेल्या घराला मी नेहमी थांबण्याचा सल्ला देत असे, कारण दुसऱ्याच्या मुलावर आपली पोकळी भरून काढण्याचे काम सोपवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. तुमच्या पत्रात मुलगी पुण्याला गेल्यापासून घर खायला उठते, असे वाक्य आहे. ते प्रामाणिक आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही, परंतु अधिकाऱ्यासमोरही ते बोलावे आणि त्यावर दोघांनी आधी आपसात बोलावे.

आता सासूबाई. तुम्ही लिहिले आहे की त्यांचा देवघराचा आणि स्वयंपाकघराचा रिवाज कडक आहे आणि ‘मूल कुठल्या जातीचे’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. हा प्रश्न बडोद्यातील जुन्या मराठी घरांत मी पुष्कळदा ऐकला आहे, आणि त्यावर माझे मत स्पष्ट आहे: त्याचे उत्तर मूल येण्यापूर्वी मिळाले पाहिजे. आठ वर्षांच्या मुलाला वेगळे ताट, वेगळा पेला, देवघराच्या उंबऱ्यापाशी ‘तू तिथेच थांब’ हे एकदाच अनुभवायला मिळाले तरी पुरते. बहुतेक आजींचा विरोध प्रत्यक्ष मूल समोर आल्यावर विरघळतो हे खरे असले, तरी त्या भरवशावर मुलाला घरात आणणे म्हणजे प्रयोगाचा खर्च त्याच्याकडून वसूल करणे होय. सासूबाईंना गृह अध्ययनाच्या चर्चेत बसवा, त्यांना त्यांची अडचण मोकळेपणाने बोलू द्या, आणि त्यांचा नकार ठाम असेल तर अर्ज पुढे ढकला. त्यांच्यापासून लपवून, ‘मैत्रिणीचा मुलगा शिकायला आला आहे’ असे सांगून मूल ठेवण्याचा विचार तुम्ही लिहिला आहे, तो सोडून द्यावा. तसे केले तर मुलालाही घरात एक खोटे सांभाळावे लागेल.

कुटुंब निवडताना मुलाची भाषा, संस्कृती आणि समाज यांच्याशी शक्य तितके साम्य पाहावे, अशी मार्गदर्शक तत्त्वांची अपेक्षा आहे. बडोद्यातील संस्थांमध्ये येणारी पुष्कळ मुले छोटाउदेपूर, दाहोद, पंचमहाल या पट्ट्यातील, बांधकामावर किंवा वीटभट्टीवर मजुरीला आलेल्या कुटुंबांतील असतात. त्यांची घरची बोली राठवी किंवा भिली असते, शाळेची भाषा गुजराती असते आणि मराठी त्यांनी ऐकलेलीही नसते. म्हणून एखादे मूल तुमच्याकडे देताना समिती या मुद्द्यावर विचार करील आणि कदाचित दुसऱ्या कुटुंबाला पसंती देईल. तो तुमचा अपमान समजू नये. मूल आलेच तर घरात त्याच्याशी गुजरातीत बोलावे. तुम्ही बाजारात, शाळेत, शेजारी गुजराती बोलताच. तीच भाषा काही महिने स्वयंपाकघरातही चालू द्यावी. मराठी ते आपोआप उचलते, विशेषतः आजीकडून. जेवणाचेही तसेच आहे. मक्याचा रोटला आणि उडदाची डाळ खाऊन वाढलेल्या मुलाला आपले वरण-भात-तूप बेचव लागते आणि गोडसर आमटी तर चमत्कारिकच वाटते. आठवड्यातून दोनतीन वेळा मक्याचा रोटला करणे कठीण नाही, आणि ‘तुमच्याकडे हा कसा करतात’ असे मुलाला विचारले की ज्याला काहीच येत नाही असे सर्व समजतात, ते मूल अचानक घरातील जाणकार होते.

पहिले काही आठवडे बहुधा फार छान जातात. मूल आज्ञाधारक असते, ताट स्वतः धुते, सगळ्यांना नमस्कार करते, आणि शेजारी म्हणतात की किती गुणी मूल मिळाले. ते पाहुण्यासारखे वागत असते. हे घर टिकणार आहे असे त्याला वाटू लागले की पारख सुरू होते, आणि ती कठोर असते: खोटे बोलणे, वस्तू फोडणे, अंथरूण ओले करणे, आजीच्या पाकिटातून दहा रुपये काढणे, तुमच्या मुलीचा फोटो उलटा करून ठेवणे. उशीखाली, दप्तरात, कपाटाच्या मागे पोळ्या आणि बिस्किटे लपवलेली सापडतात. ही चोरी समजू नये. ज्याने उपाशी दिवस काढले आहेत त्याचे शरीर उद्याची तरतूद करीत असते. त्याच्यासाठी हात पोहोचेल असा एक डबा ठेवावा, तो कधीही रिकामा राहू देऊ नये आणि त्यातून घेण्यासाठी विचारावे लागू नये. लपवणे हळूहळू कमी होते, काही मुलांत मात्र ते वर्षभर टिकते. मारहाण कोणत्याही परिस्थितीत नको. ‘आम्ही आमच्या मुलीलाही चापट मारलीच होती’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही, कारण तुमच्या मुलीला ती चापट प्रेमाच्या मोठ्या हिशेबात बसवता आली होती. या मुलाकडे तसा हिशेब अजून नाही आणि कदाचित मारहाणीमुळेच ते घर सोडून आलेले आहे. कायदाही स्पष्ट आहे: ताब्यातील मुलाशी क्रूरतेने वागणे कलम ७५ खाली गुन्हा आहे. झोपेत किंचाळणे, दीर्घकाळ मुके राहणे, स्वतःला इजा करणे असे काही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता कक्षाला कळवून समुपदेशकाकडे किंवा सयाजी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे.

काही मुलांचे लैंगिक शोषण झालेले असते आणि ते नोंदीत असतेच असे नाही. म्हणून घरात सर्वांसाठी सारखे, उघड नियम असावेत: आंघोळीच्या वेळी दार बंद, झोपण्याची जागा स्वतंत्र, दार वाजवल्याशिवाय कोणाच्याही खोलीत प्रवेश नाही, नको असेल तर पापा किंवा मिठी नाही, मग पाहुणा कितीही जवळचा असो. मुलाने कधी काही सांगितलेच तर खोदून विचारू नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये; पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक घरात लिहून ठेवावा आणि मुलालाही तो माहीत असावा. आपल्याविरुद्ध तक्रार करण्याचा क्रमांक आपणच मुलाला देणे काही कुटुंबांना खटकते, परंतु ज्यांना खटकत नाही त्यांच्याकडे मूल पाठवताना समितीला बरे वाटते.

आता मुलाच्या आईकडे वळते, कारण सर्वांत जास्त ताण तेथेच येतो. भेटी कोठे आणि किती वेळाने व्हाव्यात हे समिती ठरवते. शक्य असेल तेव्हा मी तटस्थ जागा सुचवीत असे. कक्षाचे कार्यालय मुलांना रुक्ष वाटते, पण कामाठीबागेत, प्राण्यांच्या पिंजऱ्यांपुढे चालता चालता आई आणि मूल दोघांनाही बोलायला सोपे जाते. आई ठरलेल्या वेळी येईलच असे नाही. रोजंदारी बुडते, बस चुकते, कधी ती दारू पिऊन येते आणि भेट रद्द करावी लागते. मूल तासभर फाटकाकडे पाहत बसते आणि घरी आल्यावर तुमच्यावर चिडते. अशा वेळी ‘बघ, तुझ्या आईला तुझी काळजीच नाही’ हे वाक्य ओठांवर येते. ते गिळावे. मुलाला आईचा राग येऊ शकतो, तो त्याचा अधिकार आहे. तुम्हाला तिचा राग आला तर तो अधिकाऱ्याकडे व्यक्त करावा. भेटीनंतर दोन दिवस मूल बिघडलेले असते म्हणून भेटीच बंद करा, अशी विनंती कुटुंबे वारंवार करतात. बिघडणे म्हणजे ओढ आहे, आणि ओढ असणे चांगले लक्षण आहे. भेटीत आई मुलाला मारते, धमकावते, पैसे आणायला सांगते, असे घडले तर मात्र तारखेसह लिहून समितीला द्यावे.

सरकारी मदतीचे उत्तर सोपे आहे. मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालकत्वातील मुलासाठी दरमहा ₹४,००० ची तरतूद आहे आणि ती जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत बँक खात्यात जमा होते. रक्कम मुलासाठी आहे, तिचा हिशेब ठेवावा. कधी ती उशिरा येते, त्यामुळे शाळेची व्हॅन आणि डॉक्टर यांचा खर्च तिच्यावर अवलंबून ठेवू नये. गुजरातमधील ‘पालक माता-पिता योजना’ वेगळी आहे. ती आईवडील नसलेल्या मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी असून तीत दरमहा ₹३,००० मिळतात. शेजारी या दोन्ही योजनांचा घोळ करतात आणि ‘तुम्हाला त्याचे पैसे मिळतात ना’ असे मुलासमोर विचारतात. याचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे.

कोणत्या गोष्टी तुम्हाला परस्पर करता येणार नाहीत, हेही समजून घ्यावे. मोठी शस्त्रक्रिया, राज्याबाहेरचा प्रवास, शाळा बदलणे यांसाठी समितीला आधी कळवून परवानगी घ्यावी. दिवाळीत मुलीकडे पुण्याला जायचे असेल तर अर्ज महिनाभर आधी द्यावा, म्हणजे ऐनवेळी मुलाला मागे ठेवण्याची पाळी येत नाही. शाळाप्रवेशात अडचण आल्यास शिक्षण हक्क कायदा, २००९ तुमच्या बाजूने आहे: ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो आणि वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. समितीच्या आदेशाची प्रत जवळ असू द्यावी. फोटोंबाबत फार सावध राहावे. नवरात्रात गरब्याच्या पोशाखातील मुलाचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचा मोह होतो, परंतु कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणे दंडनीय आहे, आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ‘आमच्याकडे आलेले गरीब मूल’ म्हणून त्याचा फोटो फिरणे वाईटच. कायद्यानुसार समितीने दरमहा पाहणी करायची असते. अधिकारी येऊन वह्या, गादी, वजन पाहील आणि मुलाशी एकांतात बोलेल. त्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत जावे.

मूल परत जाण्याचा आदेश निघतो तेव्हा कधी पुरेसा अवधी मिळतो, कधी चार दिवस. अवधी मिळाला तर भेटींची संख्या वाढवून, एखादी रात्र आईकडे राहू देऊन बदल हळूहळू करण्याची विनंती समितीकडे जरूर करावी. मुलाला ‘तुला घालवतो आहोत’ असे वाटू नये आणि ‘आम्ही तुला सोडणार नव्हतो, त्यांनी नेले’ असेही वाटू नये. दोन्ही त्याला पुढच्या घरात रुजू देत नाहीत. आल्या दिवसापासून एक वही ठेवावी: उंची-वजन, लसी, शाळेची प्रगतिपत्रके, पडलेला दात, पहिले मराठी वाक्य, सोबतचे फोटो. ती वही, कपडे, दप्तर, सायकल हे सर्व मुलाचे आहे आणि त्याच्याबरोबर जावे. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून देऊ नयेत, चांगली बॅग द्यावी. पुढे संपर्क ठेवावा की नाही, हे मुलाच्या घरच्यांच्या आणि समितीच्या संमतीने ठरते. बऱ्याच आया राखीपौर्णिमेला किंवा परीक्षेच्या निकालाला आपणहून फोन करतात, कारण भेटींच्या वेळी तुम्ही त्यांच्याशी कसे वागलात हे त्यांच्या लक्षात असते.

तुमच्या मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: तिला हे पसंत नाही, पण ती दूर असते. माझ्या मते तिच्याशी बोलल्याशिवाय कक्षात पाऊल टाकू नये. तिला बहुधा दोन काळज्या असतील, एक मालमत्तेची आणि दुसरी तुमच्या वयाची. पहिलीचे उत्तर कायद्यात आहे: प्रतिपालकत्वातील मुलाला तुमच्या मालमत्तेत वारसाहक्क येत नाही, तुम्ही मृत्युपत्राने काही दिले तर ती वेगळी गोष्ट. दुसरी काळजी रास्त आहे. आज १० वर्षांचे मूल आले तर ते १८ वर्षांचे होईल तेव्हा पती ६१ वर्षांचे असतील. १८ पूर्ण झाल्यावर प्रतिपालकत्व संपते आणि कलम ४६ मधील पश्चात काळजीची मदत साधारण २१ वर्षांपर्यंत मिळू शकते, परंतु नोकरी शोधणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलाला सणाला जायला घर लागतेच. ते घर तुमचेच असेल तर पुढे कधीतरी तुमच्या मुलीलाही त्यात वाटा घ्यावा लागेल, म्हणून तिचे ‘हो’ आत्ताच हवे.

ती तयार झाली तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन आधी अर्ज न करता माहितीसाठी भेट घ्यावी, आणि दीर्घकालीन प्रतिपालकत्वाआधी अल्पकालीन, म्हणजे एक वर्षापर्यंतच्या, प्रतिपालकत्वाबद्दल विचारावे; सासूबाई, तुम्ही दोघे आणि ते मूल यांना एकमेकांचा अंदाज येण्यास एवढा काळ ठीक असतो. मध्येच तुमच्यापैकी कोणाला गंभीर आजार झाला किंवा घरात तणाव सहन होईनासा झाला, तर मूल स्वतःहून संस्थेत नेऊन सोडू नये. कक्षाला वेळीच कळवावे, म्हणजे समिती दुसरे कुटुंब पाहू शकते. आणि भेटीत चौकशी करताना असेही कळेल की एखाद्या मुलाला तुमच्या घरापेक्षा त्याच्या आईला दरमहा थोडी मदत मिळण्याची गरज अधिक आहे. त्यासाठी कलम ४५ मध्ये प्रायोजकत्वाची सोय आहे, तीत मूल आईजवळच राहते, आणि सासूबाईंचा होकार येईपर्यंत तुम्ही त्या मार्गाने काही करू शकता का, हेही त्याच कार्यालयात विचारून ठेवावे.